मीटरवरचे किलोमीटर, इंजिनातले तास

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात ४३,०१,८४८ नवी प्रवासी वाहने विकली गेली. आदल्या वर्षी हा आकडा ४२,१८,७५० होता. म्हणजे वाढ दोन टक्के. त्यातली युटिलिटी वाहने, म्हणजे एसयूव्ही आणि एर्टिगा-इनोव्हासारख्या गाड्या, २५,२०,६९१ वरून २७,९७,२२९ वर गेली. वाढ ११ टक्के. हॅचबॅक आणि सेडान मिळून १५,४८,९४७ वरून १३,५३,२८७ वर आल्या, घट १२.६ टक्के. एकूण बाजार ८३ हजारांनी वाढला आणि युटिलिटी वाहने पावणेतीन लाखांनी. मधला फरक लहान मोटारींच्या खात्यातून गेला.

जुन्या गाड्यांच्या बाजारात हे चित्र काही वर्षांनी उतरते. २०१८-१९ मध्ये विकलेल्या दर १०० प्रवासी वाहनांत २८ युटिलिटी होती. २०२३-२४ मध्ये ती ६० झाली, २०२४-२५ मध्ये ६५. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांत मिळून अशी साडेपंचवीस लाख वाहने रस्त्यावर आली. त्यापुढच्या दोन वर्षांत सव्वापंचेचाळीस लाख, म्हणजे ७७ टक्के जास्त. पहिली तुकडी पुनर्विक्रीच्या वयात आली आहे, दुसरी तिच्या मागोमाग येते आहे. पाच-सहा वर्षांची एसयूव्ही आता नवलाची राहिलेली नाही, आणि घेणाऱ्याला निवडीला वाव आहे. प्रश्न निवडायचे कशावरून, हा.

सेकंडहँड गाडी पाहताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती चालली आहे? मीटरवर ४५ हजार असेल तर भाव चढतो, १ लाख १० हजार असेल तर पडतो. मीटर मागे घेतलेले नाही असे धरले, तरी इंजिनाच्या प्रकृतीबद्दल हा आकडा जेवढे सांगतो त्यापेक्षा जास्त लपवतो. गाडी किलोमीटर कापते. इंजिन मात्र तास भरते.

टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे संथपणात जगात चौथे होते: १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. या वेगाने ४५ हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे इंजिन २,५०० तास चालले. दुसरी गाडी महामार्गावरची, सरासरी ताशी ५५ ची, मीटरवर १ लाख १० हजार. तिचे इंजिन चालले २,००० तास. मीटरवर दुसरी पहिलीच्या जवळजवळ अडीचपट वापरलेली दिसते. इंजिनाच्या तासांत ती २० टक्के कमी वापरलेली आहे. बाजार मात्र पहिलीला जास्त पैसे देतो.

हा हिशेब टोकाचा नाही, पण पूर्णही नाही. सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन असेल तर शहरी तास काही कमी होतात. महामार्गावर तासागणिक इंजिनावर पडणारा भार जास्त असतो. टायर, व्हील बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश हे किलोमीटरनेच झिजतात, आणि १ लाख १० हजारांच्या गाडीत तो खर्च धरावाच लागतो. पण इंजिन ऑइलचे वय, टर्बोचे तापणे-निवणे आणि काजळीचे साचणे यांचा संबंध तासांशी आणि थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांशी आहे.

शेतकऱ्याला हे नवे नाही. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते आणि ऑइल मॉडेलप्रमाणे २५० ते ४०० तासांनी बदलतात. एसयूव्हीच्या सर्व्हिस बुकात बहुधा दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. महामार्गाच्या गाडीला दहा हजार म्हणजे १८२ तास. पुण्यातल्या गाडीला ५५६ तास. म्हणजे शहरातल्या एसयूव्हीचे ऑइल वेळेवर, पुस्तकाबरहुकूम बदलले तरी ते ट्रॅक्टरच्या ऑइलपेक्षा जास्त तास काम करून निघते. पुस्तकात खडतर वापरासाठी याहून कमी अंतर दिलेले असते आणि सततची शहरी कोंडी खडतर वापरातच मोडते. पण ती ओळ वाचणारे थोडे.

डिझेल: काजळीचा हिशेब

२०१२-१३ मध्ये देशात विकलेल्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून जास्त डिझेलची होती. आता साधारण पाचातले एक. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल पूर्ण सोडले. तिची ब्रेझा मार्च २०१६ मध्ये आली तेव्हापासून जवळजवळ चार वर्षे फक्त डिझेलमध्येच मिळत होती; त्यामुळे पहिल्या चार वर्षांतली ब्रेझा पाहायला गेलात तर इंजिन विचारावे लागत नाही: १,२४८ सीसीचे फियाट मल्टिजेट. मोठ्या गाड्यांत डिझेल अजून टिकून आहे. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, हॅरियर ही जुन्या बाजारात डिझेलचीच नावे आहेत.

१ एप्रिल २०२० ही तारीख डिझेल घेणाऱ्याने लक्षात ठेवायची. त्या दिवशी देशभर बीएस-४ च्या जागी बीएस-६ हे धुराचे मानक लागू झाले. प्रवासी मोटारींच्या मूळ वर्गात डिझेलच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली, म्हणजे ८२ टक्के घट; नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर, म्हणजे ६८ टक्के घट. इंधनातले गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आले. इतकी घट नुसत्या इंजिनाच्या सुधारणेने होत नाही. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवावा लागला. बीएस-४ आणि बीएस-६ डिझेल यांची दुखणी त्यामुळे वेगळी आहेत. बीएस-४ मध्ये काजळी धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये साचते. पिकअप जातो, काळा धूर येतो, साफ केले की पुन्हा वर्षे निघतात. बीएस-६ मध्ये तिच्या जोडीला डीपीएफ येतो आणि तिथे चूक महाग पडते.

डीपीएफमधली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते मिळवण्यासाठी इंजिन ठरावीक वेळाने जास्तीचे डिझेल उशिरा फवारते आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत चालत राहावी अशी अपेक्षा असते. महामार्गावर हे चालकाच्या लक्षातही येत नाही. ताशी १८ किलोमीटरने रोज सहा किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा अख्खा प्रवास २० मिनिटांचा, आणि त्यातला निम्मा वेळ इंजिन तापण्यातच जातो. जाळण्याची प्रक्रिया अर्धवट सुटते. पुन्हा सुरू होते, पुन्हा सुटते. उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो.

यातून आकड्यांतली एक विसंगती तयार होते. गाडीचे ऑइल कमी होणे वाईट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बीएस-६ डिझेलमध्ये डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले तर ते त्याहून वाईट असू शकते. ते ऑइल वाढलेले नाही, त्यात डिझेल मिसळले आहे आणि ते पातळ झाले आहे. विक्रेता म्हणतो, ‘बघा, थेंबभर ऑइल खात नाही.’

चांगल्या स्कॅनरवर डीपीएफमधली काजळी किती आणि शेवटचे रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणे, किती किलोमीटरपूर्वी झाले हे बहुतेक गाड्यांत दिसते. दोन रिजनरेशनमधले अंतर काही शे किलोमीटरचे असेल तर ठीक. ते शंभराच्या आसपास आले असेल तर फिल्टर भरत आला आहे, किंवा इंजेक्टर अथवा टर्बो गरजेपेक्षा जास्त काजळी पाठवतो आहे. स्कॅनरला डीपीएफच सापडत नसेल तर तो कापून टाकलेला असू शकतो. हा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध जातो आणि गाडी घेतल्यावर त्याची जबाबदारी नव्या मालकाची होते.

डीपीएफमध्ये काजळी जळते, राख जळत नाही. राख येते ती इंजिन ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांतून. म्हणून अशा इंजिनांना कमी राखेचे ऑइल लागते. एसिया या युरोपीय संघटनेच्या सी-३ दर्जात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. डीपीएफ नसलेल्या इंजिनांच्या ए-३/बी-४ दर्जात ती १.६ टक्क्यांपर्यंत जाते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० असेच लिहिलेले असू शकते. फरक मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतो. आधीच्या मालकाने वॉरंटी संपल्यावर गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली असेल तर बिलावर ऑइलचा दर्जा लिहिलेला आहे का, हे किलोमीटरच्या नोंदीइतकेच पाहण्यासारखे.

इंजेक्टरचा हिशेब थोडक्यात. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा दाब १,६०० ते २,००० बार असतो आणि आतल्या हलत्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. एवढ्या फटीत पाणी किंवा गाळ गेला की इंजेक्टर गळतो, सकाळी गाडी उशिरा उचलते, एका जागी उभी असताना थरथरते. हे टाळणारी वस्तू म्हणजे डिझेल फिल्टर. तो वेळेवर बदलला नाही तर वाचतात काही हजार, जातात चार इंजेक्टर. गॅरेजात चारही इंजेक्टरचे परतीचे डिझेल चार बाटल्यांत जमवून तुलना करता येते. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर भावाची चर्चा तिथून सुरू करावी.

पेट्रोलवाल्यांना यातले काही नाही, पण ते सुटलेही नाहीत. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलमध्ये इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन बसतो. शिवाय कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये जोर लावला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. यावरची चाचणी तेलाच्या दर्जात मे २०१८ पासून एपीआय एसएन प्लस आणि मे २०२० पासून एपीआय एसपी या नावाने आली. त्याआधीच्या दर्जाचे स्वस्त ऑइल अशा इंजिनात घालून वाचणारे पैसे पिस्टनच्या बिलापुढे मोजण्यासारखे नाहीत.

ऑइल किती खाल्ले तर चालते

काही उत्पादकांच्या पुस्तिकांत इंजिनाने हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल खाणे सामान्य मानले आहे. दोन सर्व्हिसमधले अंतर दहा हजार. म्हणजे सामान्य वापर पाच लिटर. मध्यम एसयूव्हीच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, साधारण तेवढेच ऑइल मावते. पुस्तिकेनुसार निर्दोष असलेले इंजिन, मधे कोणी डिपस्टिक काढून पाहिली नाही, तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत कोरडे पडू शकते. ऑइलचा लाल दिवा प्रमाण नव्हे, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगला ऑइल पोहोचणे थांबलेले असते. टर्बोची दांडी दीड-दोन लाख फेरे प्रतिमिनिट या वेगाने फक्त ऑइलच्या थरावर फिरते. तिला काही सेकंदांचा उपासही पुरतो.

इथे तीन लिटरच्या जुन्या फॉर्च्युनरचे एक दुखणे आठवते, कारण त्यात साखळी स्पष्ट दिसते. इंजेक्टरखालची तांब्याची वॉशर गळू लागली की ज्वलनाचे वायू वरून ऑइलमध्ये शिरतात, ऑइलचे डांबर होते, ते संपच्या तळाशी पंपाच्या जाळीत अडकते आणि बेअरिंग उपाशी राहतात. सुरुवात काही रुपयांच्या वॉशरपासून, शेवट इंजिन बसण्यात. संप काढून जाळी पाहणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. गाडी लाखो रुपयांची असेल तर ते करून घ्यावे.

ऑइल जाड असावे की पातळ यावर गॅरेजात मते असतात. आकड्यांत एक घटना आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या सुमारे ५ लाख ९७ हजार एसयूव्ही आणि पिकअप परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधल्या उत्पादनदोषामुळे इंजिने जात होती. कंपनीकडे २८,१०२ तक्रारी जमल्या होत्या, त्यातल्या १४,३३२ मध्ये गाडीची चालनशक्तीच गेली. तपासणीत पास झालेल्या इंजिनांसाठी उपाय काय, तर ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४०, म्हणजे जाड ऑइल. यावरून आपल्या गाडीत २०डब्ल्यू-४० ओतावे असा अर्थ काढू नये. तो बदल एका इंजिनासाठी, निर्मात्याने केलेला आहे. पुस्तिकेत लिहिलेला दर्जा हाच आकडा, तो बदलायचा अधिकार निर्मात्याचा.

बेल्ट, चेन आणि चेन्नईहून गेलेली इकोस्पोर्ट

टायमिंग बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड खोलावे लागते. म्हणून गाडी घेण्याआधी बेल्ट आहे की चेन, हे माहीत हवे. स्कॉर्पिओचे २,१७९ सीसीचे एमहॉक, क्रेटाचे डिझेल, डिझेल ब्रेझा यांत चेन. डस्टरचे १,४६१ सीसी, इकोस्पोर्टचे १,४९८ सीसी डिझेल आणि जुनी तीन लिटर फॉर्च्युनर यांत बेल्ट. या फॉर्च्युनरमध्ये दीड लाख किलोमीटरला बेल्टचा दिवा लागण्याची सोय आहे; आधीच्या मालकाने बेल्ट न बदलता दिवा विझवला असेल, तर मीटरवर १ लाख ७० हजार आणि दिवा बंद हे चित्र धोक्याचे.

हॅरियर, नवी सफारी, डिझेल कंपास आणि डिझेल हेक्टर या चार गाड्यांची बोनेटखालची गोष्ट एकच: १,९५६ सीसीचे फियाटचे डिझेल, बेल्टवर चालणारे. कंपास गाडीच पुण्याजवळ रांजणगावला बनते. सेकंडहँड बाजारात या चौघींचे भाव वेगळे, बेल्ट बदलण्याची गरज सारखी. बेल्ट किलोमीटरबरोबर वर्षांनीही म्हातारा होतो, त्यामुळे कमी चाललेली २०१९ ची गाडी यातून सुटत नाही. चेनलाही आयुष्यभराची हमी नसते. ऑइल घाण राहिले की तिचे सांधे झिजतात, ती लांबते आणि सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखडते. विक्रेत्याने आपण येण्याआधी इंजिन तापवून ठेवले असेल तर हा आवाज ऐकू येणार नाही. बोनेटला हात लावून पाहावा.

एक विसंगती इथेही आहे. फोर्डने डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत १,३९,७३० इकोस्पोर्ट आणि फोकस परत बोलावल्या, कारण १.० लिटर इकोबूस्ट इंजिनात ऑइल पंप फिरवणारा, ऑइलमध्येच बुडालेला बेल्ट झिजून दाब जात होता. अमेरिकेत विकलेली इकोस्पोर्ट चेन्नईत बनलेली होती. भारतात त्याच कुळातले एक लिटरचे इंजिन घेतलेल्या इकोस्पोर्ट जुन्या बाजारात अजून फिरतात, आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. ऑइलमध्ये बुडालेल्या बेल्टला चुकीचे ऑइल चालत नाही. त्याचे रबर सुटते आणि तेच पंपाच्या जाळीत जाते. सर्व्हिसची सलग बिले नसतील तर ही गाडी सोडून दिलेली बरी.

पाणी: आतले आणि बाहेरचे

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे साधे पाणी ९५-९६ अंशांना उकळते. इंजिनाचे कामाचे तापमान ९० च्या आसपास, पंखा लागतो तो त्याच्या वर. एक बारहून थोडा जास्त दाब धरणारी रेडिएटर कॅप आणि निम्मे-निम्मे कूलंट असेल तर उकळण्याची पातळी १२५ अंशांच्या पुढे जाते. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी आणि कॅप ढिली असेल तर पसरणीचा घाट चढून आलेल्या गाडीला उकळायला चार-पाच अंशांचेच अंतर उरते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा साधारण दुप्पट पसरते. ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकवर बसवलेले असेल तर एका जोरदार उकळीत हेड वाकते आणि गॅस्केट जाते. कॅपची किंमत काहीशे रुपये.

थंड इंजिनावर कॅप उघडून आत पाहावे. गंजाचा तपकिरी रंग असेल तर पाणी घातलेले आहे. वर तेलकट साय असेल तर गॅस्केट गेले आहे, आणि तिथून पुढे पाहायची गरज नाही.

बाहेरच्या पाण्याचा हिशेब घनसेंटिमीटरमध्ये करता येतो. १,४९३ सीसीच्या चार सिलिंडर डिझेलमध्ये एका सिलिंडरचे आकारमान ३७३ सीसी. कॉम्प्रेशनचे प्रमाण १६ ला १ धरले तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा २५ सीसी. पाणी दाबले जात नाही. म्हणजे पाच चहाचे चमचे पाणी सिलिंडरमध्ये गेले आणि इंजिन फिरले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे. ती हवा ओढण्याच्या तोंडाच्या उंचीशी बांधलेली आहे, चाकांच्या आकाराशी नाही. साध्या विम्यात बुडालेल्या गाडीला किल्ली मारून झालेले इंजिनाचे नुकसान बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड वेगळी घ्यावी लागते. २०२१ च्या जुलैत चिपळूण, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले होते. त्या काळातल्या त्या भागातल्या गाडीचा विमा दाव्यांचा इतिहास मागण्यात संकोच करू नये. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर चिखलाची रेघ तिथे बऱ्याचदा सापडते.

परत बोलावलेल्या गाड्या

भारतातही रिकॉलचे आकडे जाहीर होतात, आणि घेणारे ते क्वचित पाहतात. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० बोलावल्या. कारण इंजिनकक्षातली वायर घासली जाण्याची शक्यता. २०२१ च्या सुरुवातीला थार डिझेलच्या १,५७७ गाड्यांचा कॅमशाफ्ट तपासायला घेतला. त्याच वर्षी नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्यांत दूषित इंधन गेल्याच्या संशयावरून इंजिने तपासून बदलायचे ठरले. पहिल्या रिकॉलची संख्या तिसऱ्याच्या १८० पटींहून जास्त. बातमी मोठ्या आकड्याची झाली, इंजिनाला खरा धोका सर्वांत लहान आकड्यात होता. चासिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिला की काम झाले की बाकी आहे ते कळते. बाकी असेल तर ते फुकट होते, मालक कितवाही असो. मात्र १ एप्रिल २०२१ पासूनचा सक्तीच्या रिकॉलचा नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांपुरता आहे.

पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, एक हिशेब वाढतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटेल असा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. ताशी १८ च्या शहरात हे अंतर दोन-तीन वर्षांचे आहे. इंधनाच्या होजला बोट लावून चिकटपणा पाहायला अर्धा मिनिट लागतो.

घेतल्यानंतरचा पहिला खर्च ठरवून करावा. मागचे बिल काहीही सांगो, इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर आणि कूलंट बदलावे. मोठ्या गाडीतही हे साधारण १५ ते २० हजारांत बसते, दहा लाखांच्या गाडीच्या दोन टक्क्यांच्या आत. बेल्टची तारीख सापडली नाही तर बेल्टही, आणि त्याची रक्कम सौद्यातून वजा करावी. टर्बोचे बिल पाऊण लाखाच्या आसपास सुरू होते, डीपीएफचे लाखाच्या वर.

त्यापुढे ऑइल तासांवर बदलावे. २५० ते ३०० तास धरले तर ताशी १८ च्या गाडीला ते ४,५०० ते ५,४०० किलोमीटर होते. ताशी ३० च्या मिश्र वापरात ७,५०० ते ९,०००. ताशी ५५ ला हिशेब १३,७५० च्या पुढे जातो, पण तिथे पुस्तिकेची दहा हजारांची मर्यादा आधी येते आणि तीच पाळायची. महिन्याला हजार किलोमीटरही होत नसतील आणि तेही शहरातच, तर बीएस-६ डिझेल घेऊ नये. माझ्या मते इथे सौदा कितीही चांगला असला तरी उत्तर बदलत नाही.

गाडीचा सरासरी वेग बहुतेक नव्या एसयूव्हींच्या डॅशबोर्डवर ट्रिपच्या पानात मिळतो. ट्रिप बी बऱ्याचदा कोणी शून्य केलेली नसते. ट्रिपचे किलोमीटर भागिले सरासरी वेग, की त्या अंतराचे तास निघतात. मीटरवरच्या एकूण किलोमीटरला तोच वेग लावला की इंजिनाचे तास अंदाजाने कळतात. बॅटरी काढली की काही गाड्यांत हा आकडा पुसला जातो, म्हणून बॅटरी कधीची आहे हेही विचारावे.